साबण कशाने संपतो?

दाढीचा साबण दाढी करताना फारसा संपत नाही. तो संपतो दाढी झाल्यानंतर. आपण तोंड पुसत न्हाणीघरातून बाहेर पडतो आणि तो बिचारा वाटीच्या तळाशी चमचाभर पाण्यात बसून राहतो. दुसऱ्या दिवशी वाटी उचलली की खालची बाजू लिबलिबीत झालेली असते. तो थर आपण बोटाने पुसतो किंवा नळाखाली धरतो. आठवड्याच्या दाढीला लागला नसता एवढा साबण असा मोरीत जातो. ही एक गोष्ट कळली तर पुढचे वाचले नाही तरी चालेल. तरीही लिहितो, कारण आमच्या घरात या गोष्टीला कुणी कधी काटकसर म्हटले नाही. अब्बा तिला हिशेब म्हणतात.

अब्बांनी उद्यमनगरात चौतीस वर्षे लेथ चालवला. मोजमाप त्यांच्या बोटांत बसलेले आहे. दाढीच्या साबणाची नवी गोल वडी उघडली की कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला ते पेन्सिलीने तारीख टाकत. तारखांखाली तारखा, अशी उतरंडच तिथे लागली आहे. कामावर जायचे म्हणून दाढी रोजची, फक्त रविवारी सुट्टी. तरी एक वडी सहा महिने जायची, कधी सात. सहाच्या आत संपलीच, तर मधे पावसाळा आलेला असायचा. हे गंमत म्हणून सांगत नाही, त्याला कारण आहे.

अंगाचा साबण आणि दाढीचा साबण ही दोन वेगळी कामे आहेत. अंगाचा साबण तेल किंवा चरबी आणि कॉस्टिक सोडा यांचा होतो. दाढीच्या साबणात सोड्याच्या जोडीला पोटॅशही घालतात. पोटॅशचा साबण मऊ असतो आणि पाण्याला लवकर सुटतो, म्हणून तो ब्रशला चटकन लागतो. त्यात स्टिअरिक आम्लाचे प्रमाण जास्त ठेवतात, त्याने फेस दाट होतो आणि गालावर टिकतो. ग्लिसरीनमुळे ओलावा धरला जातो. म्हणजे ज्या गुणांसाठी आपण हा साबण घेतो, त्याच गुणांमुळे तो ओल्यात लवकर विरघळतो. ग्लिसरीन तर हवेतलेही पाणी ओढून घेते. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात भिंतींना घाम येतो, मीठ पाझरते, तिथे साबण कसा सुका राहील?

त्यावर अब्बांचा इलाज कारागिराचा होता. त्यांनी स्टीलच्या वाटीच्या बुडाला ड्रिलने तीन भोके पाडून घेतली. पाणी निथळून जाते, वडी वर बसते. दाढी झाली की वाटी खिडकीच्या कठड्यावर, न्हाणीघरात नाही. पावसाळ्यात ती स्वयंपाकघरात जायची, चुलीपासून हातभर दूर, आणि अम्मी रोज कुरकुरायची. झाकणाच्या डबीचे त्यांना वावडे. ओला साबण झाकणाखाली ठेवणे म्हणजे त्याला दमट कोठडीत कोंडणे, वाळल्यावर खुशाल झाका. दादीची पद्धत आणखी जुनी. दुकानातून आलेले साबण ती कागद काढून कपड्यांच्या ट्रंकेत पसरून ठेवायची. कपड्यांना वास लागायचा आणि दोन-तीन महिन्यांत साबणातले पाणी उडून तो टणक व्हायचा. टणक साबण हळू झिजतो.

दुसरी गोष्ट हाताची. ती अब्बा घरात शिकले नाहीत, सलूनमध्ये शिकले. लग्नाआधी ते ज्या दुकानात जात, तिथे आरशाच्या वर संत सेना महाराजांचा फोटो आणि त्याला रोजचा ताजा हार असे. दुकानाचे मालक दरवर्षी आषाढीला दुकान बंद ठेवून पंढरपूरला जात. तरुण अब्बांना ब्रश पाण्यात बुचकळून तसाच साबणावर घासताना पाहून ते म्हणाले होते, “भाई, पानी कुठं पळून जात न्हाई. आदी साबन धरा.” हे वाक्य अब्बा आजही त्याच ढंगात म्हणून दाखवतात.

त्याचा अर्थ असा. ब्रश भिजवायचा, झटकायचा, पिळून घ्यायचा. ओलसर ब्रश वडीवर हलक्या हाताने पंधरा-वीस वेळा फिरवायचा, दाबायचा नाही. ब्रशच्या टोकांना सायीसारखा घट्ट थर लागला की वडीचे काम संपले, तिला बाजूला ठेवायचे. फेस वडीवर करायचाच नाही, तो गालावर करायचा. भिजलेल्या गालावर ब्रश गोल फिरवायचा आणि टोके पाण्याला नुसती टेकवून थेंब थेंब पाणी वाढवत जायचे. बघता बघता तो थर दह्यासारखा होतो. ब्रशमधून पाणी ठिबकत असेल तर उलटे होते. वडीवरच भलामोठा बुडबुड्यांचा डोंगर उभा राहतो, निम्मा वाटीतून ओघळतो आणि गालावर जातो तो पोकळ फेस, पाते फिरायच्या आत बसून जाणारा. मग माणूस पुन्हा साबण घेतो.

एका वेळी घेतलेल्या साबणात दोन हात निघाले पाहिजेत, एक सुलटा आणि एक आडवा. पहिला हात झाल्यावर ब्रशच्या पोटात फेस असतोच. मुळाशी बोटांनी दाबला की तो बाहेर येतो. त्यासाठी वडीला हात लावायची गरज नाही. आणि सगळ्याच्या आधी चेहरा भिजलेला हवा. दाढीचा केस पाणी पिऊनच मऊ होतो, त्याला दोन-तीन मिनिटे द्यावी लागतात. अंघोळीनंतर लगेच दाढी केली तर हे काम फुकट झालेले असते. जे काम पाण्याचे आहे ते साबणाकडून करून घेऊ गेलात तर साबण दुप्पट लागतो.

पाणी कुठले, यावरही बरेच अवलंबून आहे. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबण आधी त्यांच्याशी झुंजतो, त्याचा चिकट साका होतो आणि त्यातून जो उरतो त्याचा फेस होतो. बादलीच्या कडेला बसणारी राखाडी रेघ म्हणजे हाच वाया गेलेला साबण. उकळल्याने सगळा जडपणा जात नाही, पण काही भाग तळाशी बसतो. वरचे निवळ पाणी घेतले तर फरक हाताला कळतो. सगळ्यांत हलके पाणी पावसाचे. अब्बा पावसाळ्यात पहिल्या दोन-चार सरी जाऊ देऊन पागोळीखाली कळशी लावत. एकीकडे पावसाळा त्यांची वडी मऊ करायचा, दुसरीकडे तोच त्यांना साबण वाचवणारे पाणी द्यायचा. आता आमच्या भागात नळाला काळम्मावाडीचे पाणी येते. २०२३ च्या दिवाळीत ती थेट पाइपलाइन शहरात पोचली, त्याआधी किती वर्षे ती नुसती भाषणांतून वाहत होती हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. पण अपार्टमेंटच्या टाकीत बोअरचे पाणी मिसळत असेल तर दाढीपुरता तांब्याभर पिण्याच्या नळाचा घ्यावा.

आता ब्रशकडे येतो. इथे आपल्या लोकांना एक वेगळा प्रश्न पडतो आणि तो पडायला हवा. बाजारातल्या ब्रशच्या दांड्यावर ‘प्युअर ब्रिसल’ असे छापलेले असेल तर ते केस बहुतेक वेळा डुकराचे असतात. महागडे ब्रश बिज्जूच्या केसांचे असतात, काही घोड्याच्या. बहुतेक फुकहांनी डुकराचा केसही नापाक धरला आहे. मालिकी मजहबात केसाबद्दल सवलत आहे. आणि हनफी ग्रंथांत एक फार माणुसकीची चर्चा सापडते. जोडे शिवणाऱ्याला दोरा ओवण्यासाठी डुकराच्या राठ केसाशिवाय दुसरे काही मिळत नव्हते, म्हणून त्याला गरजेपुरती परवानगी दिली गेली. कष्टकऱ्याचे पोट पाहून फिकह वाकला. आपल्या दाढीला मात्र तशी काही गरज अडलेली नाही, कारण नायलॉनचा ब्रश जवळपास कुठल्याही जनरल स्टोअरमध्ये मिळतो.

आणि साबण पुरवण्याच्या दृष्टीने तोच बरा. प्राण्याचा केस पाणी पितो, भिजत घालावा लागतो, हळू वाळतो. कृत्रिम धागा पाणी पीत नाही, घेतलेला फेस लगेच सोडतो आणि तासाभरात वाळतो. केस कुठला आणि तो कसा स्वच्छ केलेला, हा प्रश्न नुसता धर्माचाही नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंड-अमेरिकेत नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांच्या दाढीच्या ब्रशांतून सैनिकांना अँथ्रॅक्स झाला होता. ब्रश धुऊन, झटकून, केस खाली करून टांगणे यात साबणही वाचतो आणि कातडीही.

खुद्द साबणात काय आहे, ही शंका तर आपल्याकडे फार जुनी. काडतुसाला गायीची आणि डुकराची चरबी आहे, या बातमीने १८५७ पेटले. त्या वर्षी ३१ जुलैला आपल्या कोल्हापुरातही २७ व्या पलटणीने उठाव केला होता. साबण तर पूर्वी सर्रास चरबीचेच होत. अशा देशात अर्देशीर गोदरेजांनी १९१८ मध्ये प्राण्याची चरबी न घालता, वनस्पती तेलापासून ‘चावी’ साबण काढला. मंदिरात जाणारा आणि मशिदीत जाणारा, दोघांचीही अडचण त्याने एकदम सुटली. आजही वेष्टन वाचायची सवय ठेवावी. ‘सोडियम टॅलोवेट’ लिहिले असेल तर ती चरबी, ‘सोडियम पामेट’ असेल तर ते पामतेल. हनफी आलिमांनी असेही म्हटले आहे की साबण होताना वस्तूचे मूळ रूपच पालटते, त्यामुळे तो पाक ठरतो. ज्याला जे पटेल ते त्याने घ्यावे. अब्बा वेष्टन वाचतात आणि वनस्पती तेलाचाच साबण घेतात. वाद घालत नाहीत.

आता त्यांच्या ‘हिशेब’ या शब्दाकडे येतो. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे की पैगंबर (स.) एक मुद्द पाण्यात वजू करत आणि एक साअ, म्हणजे चार मुद्द, ते फार तर पाच मुद्द पाण्यात गुस्ल. मुद्द म्हणजे माणसाच्या दोन हातांची भरलेली ओंजळ, लिटरच्या दोन तृतीयांशाच्या आसपास. आपण मशिदीच्या नळावर एका वजूला किती सोडतो ते कुणीही एकदा खाली बादली लावून पाहावे. वाहत्या नदीच्या काठी बसूनही पाणी वाया घालवू नये, या आशयाची एक रिवायत इब्ने माजामध्ये आहे. तिच्या सनदीवर मुहद्दिसांत मतभेद आहेत, पण तिच्यातली जाण कुणी नाकारलेली नाही. इस्राफ चीज महाग असते तेव्हाच होतो असे नाही. फुकटातही होतो.

पण याची दुसरी बाजू विसरली जाते. सूरह फुरकानमध्ये चांगल्या माणसांची ओळख सांगताना उधळेपणा आणि चिक्कूपणा दोन्ही टाळणारे असे वर्णन आहे. साबण पुरवणारा माणूस चिक्कू असेल तर त्याच्या गालावर ते दिसते. पातळ फेसावर पाते ओढले की कापते, मग तुरटी, मग कापूस. अब्बांच्या गालावर फेस नेहमी जाड असायचा, खालची कातडी दिसायची नाही. चेहऱ्याला त्यांनी कधी कमी दिले नाही, मोरीला दिले नाही इतकेच. त्यांचे सूत्र दोन शब्दजोड्यांचे: “पानी कम, हाथ ज्यादा.”

हे सूत्र घरातल्या सगळ्यांनी पहिल्यांदा मनापासून ऐकले ते २०१९ च्या ऑगस्टमध्ये. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट, ती ५५ फुटांच्या पुढे गेली होती. पाणी उपसणारी केंद्रेच पुरात बुडाली आणि शहराचे नळ बंद पडले. आमच्या गल्लीपर्यंत पूर आला नव्हता, पण टँकरच्या रांगेत कळशा घेऊन उभे राहणे सगळ्यांच्या वाट्याला आले. गावाभोवती समुद्र आणि घरात दोन बादल्या, अशी अवस्था. त्या दिवसांत अब्बांनी एक दिवसही दाढी चुकवली नाही. स्टीलचा एक पेला पाणी घेत. त्यातच ब्रशची टोके, त्यातच पाते खळबळायचे, शेवटी ओला पंचा पिळून तोंड पुसायचे. पेल्यातले उरलेले पाणी संडासात. अम्मी म्हणाली, “चार दिन नहीं किए तो क्या होता?” ते म्हणाले, “इतने में होता है ना.” त्यांना काही सिद्ध करायचे नव्हते. एवढ्यात होते, हे त्यांना आधीपासून ठाऊक होते.

दाढी करणारा मुसलमान म्हटले की पुढचा प्रश्न ठरलेला. निवृत्तीनंतर अब्बा पाचही वक्त मशिदीत जाऊ लागले, तेव्हा लोक विचारू लागले, “दाढी कधी ठेवणार?” ते हसून “दुआ करो” म्हणत आणि विषय संपवत. आमच्याकडे राहून शिकणाऱ्या माझ्या भाच्याने मात्र कॉलेजात असतानाच दाढी राखली. गाल आणि गळा साफ करून खत काढायला तोही याच वाटीतला साबण घ्यायचा. दाढी नसलेला नाना आणि दाढीवाला नातू यांचा साबण एक, ब्रश वेगळे.

२०२३ च्या जूनमध्ये मोबाइलच्या स्टेटसवरून शहरात दंगल झाली. दगडफेक झाली, इंटरनेट बंद झाले. माझी बहीण रडकुंडीला आली होती. “चार दिवस काढून टाक ती दाढी, पुन्हा येईल,” असे ती मुलाला विनवत होती. तिची भीती खोटी नव्हती. मुलगा गप्प होता. अब्बा, ज्यांनी जन्मभर स्वतः दाढी ठेवली नाही, ते म्हणाले, “रखना नहीं होगा तो मन से निकाल. डर के नक्को निकाल.” मग त्याला आरशापुढे बसवून त्याचे खत त्यांनी स्वतः काढून दिले, सावकाश, कडा सरळ. बाहेर रस्ता सुनसान होता. त्या संध्याकाळी आमच्या घरात दुसरे काहीही कुणाच्या हातात नव्हते.

भाचा आता पुण्याला नोकरीला आहे. जाताना त्याने उद्यमनगरातून एक वाटी करून नेली, बुडाला तीन भोकांची.

गेल्या वर्षी अब्बांचा उजवा हात गेला. डॉक्टरांच्या मते थोडा परत येईल, थोडा आलाही, पण पाते धरण्याइतका नाही. त्यांची दाढी आता मी करतो, आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि जुम्म्याच्या सकाळी. दुसऱ्याच्या गालावर फेस करणे वेगळे काम आहे. स्वतःच्या गालावर कातडी आतून सांगते, इथे बोटांनी ऐकावे लागते. म्हाताऱ्या गालाची कातडी सैल असते, ती एका हाताने ताणून धरायची आणि पाते आखूड ओढायचे. फेस जाडच लागतो. पाणी जास्त झाले तर ते ओठांच्या कोपऱ्यातून “हं” एवढेच करतात.

कपाटाच्या दारावरची शेवटची तारीख माझ्या अक्षरातली आहे. ती लिहून आता आठ महिने होत आले आणि वडी निम्मीही झालेली नाही. यात माझ्या हाताचे कौतुक नाही. दाढ्याच कमी झाल्या आहेत. हे अब्बांनाही कळते, मोजणारा माणूस आहे. परवा त्यांनी दाराकडे पाहिले, मनात काही बेरीज केली आणि म्हणाले, “ये तो साल भर जाएगी.” मी म्हटले, “जाने दो अब्बा, अपने को कहाँ जल्दी है.”

त्यावर ते काही बोलले नाहीत. मी ब्रश धुऊन टांगला, वाटी उचलून चाललो, तेव्हा मागून त्यांनी विचारले, “सुखी जगह रखा ना?”